कॅप कापायची, दात राखायचा

बेटा, तू आलापल्लीला दवाखाना टाकते आहेस. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रेचं मशीन कोणतं घ्यायचं ते विकणारे सांगतीलच. मी तुला एकाच कामाबद्दल सांगणार आहे. झिरकोनियाची कॅप बसवायला सगळेच शिकतात. बसवलेली कापून काढायला हाताला धरून फारसं कोणी शिकवत नाही. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हे काम तुझ्या खुर्चीवर येणारच.

का येणार ते ऐक. पूर्वी आपल्याकडे कॅप म्हणजे धातूची, नाहीतर धातूवर पोर्सेलीन चढवलेली. आता पोरं कामाला पुण्याला, हैदराबादला जातात. लग्न ठरलं की नागपूर गाठून समोरचे दात करून घेतात. वरोरा, भद्रावती, राजुरा या पट्ट्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त लहानपणी पोटात गेलं की पक्के दात तपकिरी डाग घेऊनच उगवतात. डाग झाकायला कॅप बसते. काही वर्षांनी तिच्या कडेखाली कीड लागते, मुळाशी पू होतो, आणि तोवर बसवणारा डॉक्टर दूर शहरात राहिलेला असतो. ठणका लागलेला माणूस जवळचा दवाखाना शोधतो, आणि तो तुझा असतो.

सगळ्यात आधी हे ठरव की कॅप काढायचीच आहे का. कॅपखालच्या दाताची नस सडली असेल, पण कॅपची कड घट्ट असेल आणि कीड नसेल, तर कॅपमधूनच भोक पाडून आरसीटी करता येते. भोक नंतर कंपोझिटने बुजवायचं. रुग्णाचे पैसे वाचतात, दातालाही धक्का लागत नाही. वरचं पोर्सेलीन थोडं टवकलं असेल तर गुळगुळीत करून पॉलिश कर आणि सोडून दे. कडेखाली कीड शिरली असेल, कॅप उंच बसून जबडा दुखत असेल, हिरडी सतत लाल राहून रक्त येत असेल, किंवा आत तुटलेला पोस्ट असेल, तर मात्र कापायला पर्याय नाही. सैल झालेली, हलणारी कॅप कधी कापू नकोस, ती हळूच सुटते. पण घट्ट बसलेल्या झिरकोनियावर हातोडीवाला क्राऊन रिमूव्हर चालवायचा नाही. ठोके कॅपला सोसतात, खालच्या बुंध्याला सोसत नाहीत. आरसीटी झालेला दात तर हिरडीच्या रेषेवर कट्कन मोडतो, आणि मग कॅप दातासकट हातात येते.

आता ही कॅप आहे कशाची, ते ओळख. रुग्णाला विचार, "कॅपचं वॉरंटी कार्ड आहे का घरी?" झिरकोनियाच्या कॅपसोबत लॅब कार्ड देते आणि आपल्याकडची माणसं असे कागद रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात. कार्डावर मटेरियलचं नाव असतं. कार्ड नसेल तर एक्स-रे बघ. झिरकोनिया धातूसारखीच पांढरीशुभ्र दिसते, तिच्या आतलं काही दिसत नाही. लिथियम डायसिलिकेटची कॅप, म्हणजे सगळे जिला ई-मॅक्स म्हणतात ती, दाताच्याच रंगाच्या जवळपास राखाडी दिसते. एक्स-रेवर धातू की झिरकोनिया कळलं नाही तर आरशाने आतल्या बाजूची कड बघ. धातूवरच्या पोर्सेलीनला तिथे बहुतेक वेळा करडी पट्टी दिसते. तरी शंका राहिली तर पहिला चरा सांगतो. पांढरी भुकटीच येत राहिली तर झिरकोनिया. पांढऱ्याखालून काळपट चकाकी आली तर धातू. मग डायमंडचा बर बाजूला ठेव आणि कार्बाइडचा लाव. धातूला कार्बाइड लागतो. झिरकोनियावर तोच कार्बाइड क्षणात बोथट होतो, कधी टवकाही उडतो.

झिरकोनिया इतकी चिवट का, हे एकदा नीट समजून घे, म्हणजे हात आपोआप शहाणा होतो. ही झिरकोनियम ऑक्साइडची माती, तिच्यात थोडी इट्रिया मिसळलेली. इट्रियामुळे तिचे बारीक कण एका ठरावीक स्फटिकरूपात अडकून राहतात. तडा जायला लागला की तड्याच्या टोकाशी असलेले कण रूप पालटतात आणि सुमारे ४ टक्क्यांनी फुगतात. फुगल्यामुळे तडा दोन्ही बाजूंनी दाबला जातो, तिथेच थांबतो. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात हे मांडलं आणि या मातीला सिरॅमिकचं पोलाद म्हटलं. जुन्या प्रकारच्या झिरकोनियाची वाकवण्याला टक्कर देण्याची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल. ई-मॅक्सची ४०० च्या आसपास. समोरच्या दातांसाठी जी जास्त पारदर्शक झिरकोनिया निघाली तिच्यात इट्रिया जास्त, म्हणून ती यांच्या मधली, थोडी लवकर कापली जाणारी.

याचा तुझ्या हाताशी संबंध असा. सागाच्या ओंडक्यात एक फट पाडून पाचर ठोकली की तो पुढे आपणच उकलत जातो. झिरकोनिया तशी उकलत नाही, ती शेवटच्या कडेपर्यंत करवतावीच लागते. अर्धवट चिरेत हत्यार घालून पिळलंस तर कॅप तशीच राहील आणि दात जाईल. या कामातले बहुतेक दात इथेच जातात.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. कठीणपणा मोजायच्या विकर्स मापावर झिरकोनिया १२०० च्या वर, एनॅमल ३०० ते ३५० च्या दरम्यान, आणि डेंटिन ६०-७०. म्हणजे वीसपट कठीण भिंत फोडत असताना भिंतीपलीकडे लोणी आहे. भिंत संपली त्या क्षणी बर आत पडतो. तो पडू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच बाकीचा सगळा खटाटोप आहे.

बर नवा घे. प्रत्येक कॅपला नवा डायमंड, आणि दाढेची जाड कॅप असेल तर दोन हाताशी ठेव. जुन्या बरवर हिऱ्याचे कण उरलेले नसतात. तो कापत नाही, घासतो, आणि घासण्याने फक्त उष्णता होते. मग माणूस नकळत दाबायला लागतो. पैसे वाचवायला जुना बर वापरणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचा वेळ दुप्पट जातो आणि एअरोटरचे बेअरिंगही जातात. रुग्णाच्या बिलात बरची किंमत उघड लाव आणि सांग, कोणी नाही म्हणत नाही.

बरवरची रंगीत पट्टी कोणती, यावर लोक भांडतात. काळी पट्टी म्हणजे सर्वांत जाड कण, हिरवी म्हणजे जाड, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे बारीक. नवी मंडळी काळी उचलतात, जाड कण म्हणजे जास्त कापणार असं वाटतं म्हणून. झिरकोनियावर जाड कण बरवरून उपटून निघतात आणि थोड्याच वेळात तो टकला होतो. माझं मत विचारशील तर झिरकोनियासाठीच बनवलेले बर मिळतात ते घे. त्यांचे कण मध्यम, पण धरून ठेवणारा थर पक्का असतो. ते नसतील तर हिरव्या पट्टीचा, निमुळता, गोल टोकाचा चालेल. चपट्या टोकाच्या बरचे कोपरे आधी झिजतात आणि दातावर पायऱ्याही पाडतात.

एअरोटर १९५७ साली जॉन बॉर्डन यांनी बाजारात आणला. मिनिटाला साडेतीन-चार लाख फेरे, पण फिरण्यात जोर कमी. जरा दाबलं की सूर उतरतो, आणखी दाबलं की थांबतो. इलेक्ट्रिक मोटरवरचं लाल पट्टीचं १:५ हँडपीस मिनिटाला दोन लाखच फेरे घेतं, पण दाबाखाली वेग सोडत नाही. या कामाला ते जास्त चांगलं. परवडलं तर घे. मात्र एक ध्यानात ठेव. आतले बेअरिंग खराब झाले तर ते तापतं आणि तरीही जोराने फिरतच राहतं. बधिर केलेल्या ओठाला ते कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये अशा भाजण्याबद्दल डॉक्टरांना सावध केलं होतं. हँडपीसचं डोकं अधूनमधून स्वतःच्या हाताला लावून बघ, आणि ते गालाला टेकवून आधार घेऊ नकोस.

एअरोटरवरच काम करायचं असेल तर कॉम्प्रेसरचं मीटर कापायच्या आधी बघ, कापताना नको. आलापल्ली-एटापल्लीकडे व्होल्टेज पडतं, टाकी भरत नाही, आणि कमी हवेवर बर फिरतोय पण कापत नाही अशी गत होते. पावसाळ्यात टाकीत पाणी जमतं. रोज सकाळी खालची तोटी उघडून ते काढून टाकायला तुझ्या मदतनीस मुलीला शिकव.

पाण्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. झिरकोनिया उष्णता पसरू देत नाही, ती कापण्याच्या जागीच साचते. कोरडं कापलंस तर डोळ्यांना ठिणग्या दिसतील. ठिणगी दिसली म्हणजे थांबायचं, पाणी बघायचं. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर प्रयोग करून दाखवलं की नसेचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं तरी सुमारे १५ टक्के दातांच्या नसा मेल्या. साडेपाच अंश म्हणजे काहीच नाही. मिनिटाला ५० मिलीलिटर तरी पाणी बरच्या टोकावर पडायला हवं. आणि ते एका नळीने नव्हे, तीन-चार बाजूंनी, कारण खोल चिरेत एका बाजूचं पाणी पोचत नाही. हँडपीस ग्लासात धरून एक मिनिट चालव आणि पाणी मोज. जाहिरातीवर विश्वास ठेवू नकोस. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. घरच्या तव्यावर पांढरा थर बसतो तोच हँडपीसच्या बारीक भोकांत बसतो, आणि एक भोक बुजलं की एक बाजू कोरडी. डेंटल चेअरच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घाल, आणि बारीक सुईने भोकं साफ करायची सवय लाव.

आता तोंड. इथे तुझी परीक्षा पुण्याच्या डॉक्टरपेक्षा कठीण आहे. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला, गालात धरलेला. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. रुग्ण बसला की त्याची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांग. तीन गेली तर काम कर. दोनच गेली तर मागच्या दाढेपर्यंत नेहमीच्या एअरोटरचं डोकं आणि नेहमीचा बर पोचणार नाहीत. लहान डोक्याचं हँडपीस आणि आखूड दांड्याचा बर वेगळा ठेवलेला असू दे. तेही जमणार नसेल तर जबरदस्तीने तोंड ताणत बसू नकोस. अर्धी कापलेली कॅप आणि फाटलेली ओठाची कड घेऊन माणूस घरी गेला तर पुन्हा कोणत्याच दवाखान्यात येणार नाही.

तोंड उघडलेलंच आहे तर सगळं बघून घे. जुन्या कॅपची धारदार कड गालाला घासून जखम झालेली असते. खर्रा खाणाऱ्याची अशी जखम कड गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर कॅपचं काम थांबव आणि बायोप्सीसाठी पाठव. कॅप नंतरही कापता येते. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतं. त्यांच्या तालुक्याच्या माणसाशी ओळख करून ठेव, खर्रा सोडायला तयार झालेल्या रुग्णाला नेमकं कुठे पाठवायचं ते माहीत हवं.

आणि कोणालाही भूल देण्याआधी दोन प्रश्न विचार. सकाळी खाल्लंय का? भामरागडहून पहिल्या गाडीने निघालेला माणूस उपाशी असतो, त्याला आधी चहा-बिस्किट दे, पाणी पाज. दुसरा प्रश्न सिकलसेलचा. आपल्या जिल्ह्यात हा आजार पुष्कळ आहे, तपासणी झालेल्यांकडे कार्ड असतं. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणं, थंडी वाजणं, ताण येणं, दातातला पू साठून राहणं, यातल्या कशानेही वेदनांचा झटका येऊ शकतो. एसी कमी कर, सकाळची वेळ दे, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला फोन कर.

भाषेचंही सांगते. भामरागडचे माडिया, सिरोंच्याचे तेलुगू बोलणारे, मुलचेऱ्याचे बंगाली, सगळे तुझ्याकडे येतील. कापताना कोणीच बोलू शकत नाही. म्हणून आधीच ठरव, दुखलं तर डावा हात वर. आणि हात वर झाला की लगेच थांब, वाक्य पूर्ण करायलाही वेळ घेऊ नकोस. एकदा थांबलीस की त्याचा तुझ्यावर विश्वास बसतो, मग तो पुढचा सगळा वेळ शांत बसतो.

आता खालची डावी पहिली दाढ घेऊ, सगळ्यात जास्त वेळा तीच येते.

कापायच्या आधी त्या कॅपचं पुट्टीत माप घे. कॅप निघाल्यावर याच मापात टेम्पररी बनेल. हे आधी केलं नाही तर नंतर उघड्या बुंध्यावर हाताने आकार देत बसावं लागतं. माप बाजूला ठेव. रबर डॅम लागत असेल तर लाव, नाहीतर जिभेमागे गॉजचा पडदा ठेव. झिरकोनियाचे तुकडे काचेसारखे धारदार असतात आणि घशाकडे पळतात. रुग्णाला चष्मा, तुला चष्मा, एन-९५ मास्क. सक्शनचं तोंड दातापासून बोटभर अंतरावर, मुलीला तिथून हलू देऊ नकोस.

बर चकमध्ये पूर्ण आत गेलाय का, ओढून बघ. हँडपीस पेनासारखं धर आणि करंगळी किंवा अनामिका शेजारच्या दातावर टेकव. ते बोट टेकल्याशिवाय पेडल दाबायचं नाही. हेच बोट बरला आत पडू देत नाही.

सुरुवात गालाच्या बाजूने, मध्यावर. शेजारच्या दाताला लागून कधीच नाही. चघळायच्या पृष्ठावरून हिरडीकडे उभी रेघ ओढायला लाग. बरचं टोक खुपसू नकोस, त्याची बाजू वापर. हलकं पुढे-मागे, कुठेही थांबायचं नाही. दाब इतकाच की एअरोटरचा सूर उतरणार नाही. कान सुराकडे ठेव. सूर उतरला म्हणजे दाबते आहेस, आणि सूर जसाच्या तसा असूनही भुकटी येत नसेल तर बर संपलाय. बरवर पांढरा चिखल चिकटला असेल तर साफ करायच्या दगडावर एकदा फिरव. तरी कापत नसेल तर टाकून दे.

पाच-सात सेकंदांनी थांब. पाणी बंद कर, हवेने वाळव, बघ. लूप असेल तर लूपमधून बघ. नसेल तर घे, या कामासाठी तरी घेच. चिरेच्या तळाशी खडूसारखा कोरडा पांढरा रंग आहे तोवर झिरकोनिया आहे. त्याच्या पुढे मळकट, मऊ दिसणारी एक पातळ रेघ येते, ते सिमेंट. त्याच्या पलीकडे पिवळसर, ओलसर चकाकी, तो दात. तुला सिमेंटच्या रेघेवर थांबायचं आहे, पिवळ्यावर नाही. दाढेवर वर साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडी असते, हिरडीजवळ कमी, कधी अर्धा मिलिमीटरच. बरच्या टोकाची जाडी तुला माहीत असते, तीच तुझी मोजपट्टी. खोली वरून सुरू करून खाली आणायची असते, म्हणून हिरडीकडे जाताना हात आणखी हलका व्हायला हवा. उलट होतं बहुतेकांचं, काम संपत आलं की घाई वाढते.

एक फसवी जागा आहे. आत पांढऱ्या कंपोझिटचा कोअर असेल आणि सिमेंटही रेझिनचं असेल, तर सगळंच पांढरं दिसतं. अशा वेळी निळसर-जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च उपयोगी पडतो. बहुतेक कंपोझिट त्या प्रकाशात दातापेक्षा वेगळं चमकतं.

हिरडीजवळ आलीस की हिरडी आणि बर यांच्यामध्ये चपटं हत्यार धर. कड कापली गेलीच पाहिजे. कडेचा अर्धा मिलिमीटर राहिला तरी कॅप मुठीसारखी घट्ट धरून बसते. मग चघळायच्या पृष्ठावरून आडवी रेघ जिभेच्या बाजूपर्यंत ने, आणि जिभेच्या बाजूलाही थोडी खाली उतर. जीभ आरशाने बाजूला धर. त्या बाजूला नजर पोचत नाही, पाणी पोचत नाही, म्हणून तिथे सगळ्यात सावकाश.

आता हत्यार चिरेत घाल आणि फक्त बोटांनी फिरव. मनगट नाही, दंड तर नाहीच. टक् असा हलका आवाज येऊन दोन भाग हलले तर झालं. हलले नाहीत तर जोर वाढवू नकोस. कुठेतरी पूल उरलाय, बहुतेक जिभेच्या कडेला किंवा आडव्या रेघेच्या मध्यावर. वाळव, शोध, तेवढाच काप. एक भाग निघून दुसरा अडला तर त्याला आणखी एक उभी चीर दे.

ई-मॅक्सची गोष्ट वेगळी. ती रेझिनने दाताला अशी चिकटवलेली असते की चीर पाडली तरी तुकडे सुटत नाहीत. ती हळूहळू घासूनच संपवावी लागते, आणि रंगाने ती दातात मिसळून जाते. कापायला सोपी, पण ओळखायला अवघड. मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत एर्बियम लेझर असतो, २९४० नॅनोमीटरचा. तो कॅपमधून आत जाऊन सिमेंट सैल करतो आणि कॅप अखंड निघते. समोरचे पाच-सहा व्हेनीअर काढायचे असतील तर रुग्णाला तो पर्याय सांग, लपवू नकोस.

ब्रिज असेल तर जोडाच्या जागी तुटून पडू नकोस, झिरकोनियाचा जोड सगळ्यात जाड असतो. दोन्ही बाजूच्या कॅपांना आपापल्या चिरा दे. एक बाजू वाचवायची असेल तरच जोड काप, आणि खोट्या दाताच्या अंगाला काप, म्हणजे वाचवायच्या कॅपला धक्का नको. इम्प्लांटवरची कॅप असेल तर आधी स्क्रूचं भोक शोध. खाली टायटॅनियम आहे, तो उष्णता सरळ हाडात नेतो. एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हाड ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी त्याला इजा होते. पाणी तिथे दुप्पट, आणि थांबणंही दुप्पट.

कॅप निघाली की तुकडे जुळवून बघ. कडेचा तुकडा कमी असेल तर तो हिरडीत अडकलाय का, हे एक्स-रे काढून बघ; झिरकोनिया त्यात लख्ख दिसते. मग दात बघ. कीड किती, बुंधा किती उरला, पुन्हा कॅप पेलेल का. हिरडीच्या वर सगळीकडून दोन मिलिमीटर तरी शाबूत दात नसेल तर नवी कॅप टिकणार नाही. तसं असेल तर त्याच वेळी स्पष्ट सांग. खरं तर कापण्याआधीच सांगून ठेवायला हवं की आत काय सापडेल ते कॅप निघाल्याशिवाय कळत नाही, दात काढावाही लागू शकतो. हे मराठीत लिहून सही घे, वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसासमोर वाचून दाखव.

पैशांचंही तसंच. कापण्याचे किती, टेम्पररीचे किती, नव्या कॅपचे किती, आधी वेगवेगळे सांग. इकडच्या माणसाने तेंदूपत्त्याच्या हंगामातले पैसे यासाठी बाजूला ठेवलेले असतात. पूर्ण झिरकोनियाच हवी असा आग्रह तू धरू नकोस. मागच्या दाढेला चांगली धातूची कॅप पुष्कळ वर्षं जाते, दात कमी घासावा लागतो, आणि पुढेमागे काढायची वेळ आली तर चीर पाडून फाकवता येते. रुग्णाला हे कळलं की तो बहुतेक वेळा तीच मागतो. त्यात तुझा नफा कमी होतो, होऊ दे.

वेळ सकाळची दे, दुपारी चारनंतर झिरकोनिया कापायला घेऊ नकोस. काम अर्धं असताना एटापल्लीची शेवटची गाडी गेली तर माणसाने कुठे राहायचं? पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटेचं पाणी चढलं की रस्ताच बंद होतो, म्हणून त्या दिवसांत निकड नसलेलं काम पुढे ढकल. ठणका असेल तर आधी कॅपमधून भोक पाडून पू वाहू दे, दुखणं थांबव, आणि कॅप रस्ता सुरू झाल्यावर काढ. कॅप काढलीच असेल तर टेम्पररी बसवल्याशिवाय कोणाला खुर्चीवरून उठवू नकोस, आणि पुढची तारीख देताना त्याच्या गावाची गाडी कोणत्या वेळी येते ते आधी विचार.